बिबट्याच्या पट्ट्यात कुत्र्यांसाठी बाहेर पक्कं केनेल बांधायचंय, जाळी कुठली आणि वरून झाकायला लागतं का?

मळेकरी_ओतूर
नमस्कार मंडळी. घर ओतूरच्या बाहेर मळ्यात आहे, तिन्ही बाजूंनी ऊस आणि मागं कांद्याची चाळ. दोन कुत्री आहेत, एक गावठी कुत्री वय झालेली आणि एक जर्मन शेफर्ड अजून वर्षाचा पण नाही. परवा शेजारच्या वस्तीवरचं साखळीला बांधलेलं कुत्रं बिबट्यानं रात्री उचललं, सकाळी नुसती साखळी आणि तुटलेला पट्टा पडलेला. तेव्हापासून दोघांना पडवीत कोंडून घेतोय पण तिथं धान्याची पोती, बियाणं, सगळं सामान, कायमचं तसं जमणार नाही.

गोठ्याच्या बाजूला २० बाय १२ फूट जागा रिकामी आहे. कंपाउंडचं काम करणारा म्हणतोय ६ फूट उंच चेनलिंक जाळी मारू, आत पत्र्याची खोपी ठेवू, काम झालं. मला ते पटत नाहीये. बजेट ६०-७० हजारांपर्यंत ताणू शकतो. वरून जाळी पायजेच का? खाली मुरूम ठेवू का कोबा करू? आणि एप्रिल-मेमध्ये आत भट्टी होऊ नये यासाठी काय करता तुम्ही लोक?

वेल्डिंगवाला_आळेफाटा
दादा तुम्हाला पटत नाहीये ते बरोबरच आहे. ६ फूट जाळी बिबट्याला काहीच नाही, तो जागेवरून ९-१० फुटांपर्यंत उडी घेतो आणि जाळीला नख्या अडकवून चढतो ते वेगळंच. वरून उघडं असेल तर तुम्ही कुत्र्याला पळायची वाट बंद करून त्याच्यासाठी ताटात वाढून ठेवलंय असंच समजा.

आता जाळीचं. चेनलिंक विणलेली असते, एक तार तुटली की तिथनं ती उसवत जाते, आणि बाजारात कंपाउंडला बहुतेक १२ गेज मारतात म्हणजे तार जेमतेम अडीच एमएमच्या वर. ती जनावरानं अंग टाकलं की फुगते आणि खालून उचलली जाते. तुम्ही वेल्डमेश म्हणजे प्रत्येक सांध्यावर वेल्ड केलेली जाळी घ्या, निदान १० गेज म्हणजे सव्वातीन एमएम, जमलं तर ८ गेज, भोक २ बाय २ इंचाचं किंवा त्याहून लहान. गेजचा आकडा जितका कमी तितकी तार जाड, दुकानात हे नीट बघून घ्या, शक्य तर जाडी मोजायचा व्हर्नियर लावूनच माल उचला. आणि विचारा की जाळी वेल्ड करून मग झिंकमध्ये बुडवलीय का, कारण आधी झिंक लावलेल्या तारेची जाळी केली की प्रत्येक सांध्यावर झिंक जळतं आणि दोन पावसाळ्यांत तिथंच गंज धरतो.

खांब ५० बाय ५० एमएमचा लोखंडी अँगल ५ एमएम जाड, नाहीतर २ इंची जीआय (जस्त चढवलेला) पाइप बी क्लास म्हणजे मध्यम जाडीचा, जमिनीत २ फूट काँक्रीटमध्ये. वरच्या जाळीखाली दर ३ फुटांवर आडवा अँगल टाकायचाच, ५०-६० किलोचं जनावर वरून चालत गेलं तरी जाळी झोळ धरायला नको. जाळी खांबाला बाइंडिंग तारेनं बांधून देतात ते अजिबात चालवून घेऊ नका, वरून फ्लॅट पट्टी ठेवून वेल्ड किंवा बोल्ट, आणि बोल्टचे नट बाहेरच्या बाजूला. वेल्डिंग जिथं जिथं झालं तिथं आधी ब्रशनं घासून झिंकचा पेंट, मग रंग. नुसतं रेड ऑक्साइड मारून सोडलेलं काम तुमच्या ओतूरच्या पावसात टिकत नाही.

२० बाय १२ म्हणजे नुसती वरचीच जाळी २४० चौरस फूट झाली, त्यात बजेट जाईल. जागा लहान करा, १६ बाय ८ करा, पण वरची जाळी सोडू नका.

गोदाकाठ_निफाड
वरचं सगळं बरोबर पण एक गोष्ट राहिली आणि माझ्या मते तीच मुख्य आहे. जाळी कितीही जाड असली तरी ती दिवसासाठी. रात्री कुत्रं चारी बाजूंनी बंद भिंतींच्या खोलीतच पायजे. कारण कुत्रं जाळीला टेकून झोपतं, बाहेरून पंजा नाही शिरला तरी नख्या शिरतात, शेपूट कान काहीही हाताला लागतं. आणि नुसतं समोर बिबट्या बसलेला दिसला तरी आत कुत्रं घाबरून जाळीवर आपटून आपटून स्वतःला फोडून घेतं. आमच्याकडं गोदाकाठी ऊस तोडायला लागला की हे दरवर्षीचं आहे.

खोली विटांची, ५ बाय ६ फूट पुरे दोघांना, उंची साडेपाच सहा ठेवा म्हणजे झाडायला वाकावं लागत नाही. वर पत्रा टाकणार असाल तर पत्र्याखाली पण जाळी किंवा सळ्या, पत्रा उचकटला जातो. दार लोखंडी चादरीचं आणि बाहेर उघडणारं, म्हणजे बाहेरून धडक बसली तर दार चौकटीवर दाबलं जातं, कडीवर जोर येत नाही. हवेसाठी वर झरोके समोरासमोर, त्यांना सळ्या आणि जाळी दोन्ही.

अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता, त्यात खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्याचाच निघाला होता, शेळ्या गाई त्यानंतर. म्हणजे आपलं कुत्रं हे राखण कमी आणि आमिष जास्त आहे हे धरूनच बांधकाम करा.

शिवार_मंचर
एवढा खर्च कशाला, फोकस लावा आणि रात्रभर रेडिओ चालू ठेवा, आमच्याकडं येत नाही. आणि कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा. फारच भीती वाटत असेल तर जाळीला करंट सोडा.

गोदाकाठ_निफाड
@शिवार_मंचर भाऊ करंटचं कृपा करून कुणाला सांगू नका. लाइनचा करंट तारेत सोडणं हा गुन्हा आहे, बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे ते तर आहेच, पण पहाटे पिकाला पाण्याची दारं धरायला गेलेली माणसं अशाच तारांना चिकटून गेलीत. शेताला लावतात ते झटका मशीन वेगळं, ते थांबून थांबून क्षणभराचा झटका देतं, पण कुत्री जिथं सारखी अंग घासणार तिथं तेही नको.

लाइट लावायला हरकत नाही, सेन्सरचा असेल तर उत्तम, पण तो आपल्याला दिसावं म्हणून. बिबट्या काही दिवसांत सरावतो, रेडिओला पण. पट्ट्यानं मान वाचेल कदाचित, पण तो पोटाला पाठीला पण धरतो.

पशुवैद्य_संगमनेर
बांधकामाचं वर आलंच आहे, मी जमीन आणि गर्मीचं सांगतो, कारण माझ्याकडं बिबट्याच्या जखमांपेक्षा गोचिडाच्या तापाची कुत्री कितीतरी जास्त येतात.

मुरूम नको. मूत मुरतं, वास येतो, जंत आणि पार्व्हो या कुत्र्यांच्या जुलाबाच्या रोगाचे विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतात. कोबा करा, आणि उतार १० फुटाला २ इंच, शेवटी पन्हळ काढून पाणी झाडांना सोडा. वरून एकदम गुळगुळीत घोटू नका, ओला असताना खराट्यानं हलक्या रेघा ओढा, वयस्कर कुत्री घसरून कंबरेत अधू होतात. मात्र भिंती आतून प्लास्टर करून गुळगुळीतच पायजेत, कोपरे गोल. गोचिडाची मादी अंगावरून उतरून भिंतीच्या फटीत जाऊन हजारो अंडी घालते, विटांचे उघडे सांधे म्हणजे तिचं बाळंतपणाचं घरच. तुम्ही कुत्र्याला कितीही गोळ्या द्या, भिंतीत फटी असतील तर परत तेच. फवारणी करायची तर कुत्री बाहेर काढून, पूर्ण वाळल्यावरच आत.

काळ्या फिनाइलनं धुऊ नका, पाय चाटतात आणि ते पोटात जातं. ब्लीचिंग पावडर वापरायची तर आधी साध्या पाण्यानं मूत धुऊन घ्या, नाहीतर जो उग्र वाफारा येतो तो बंद खोलीत वाईट.

गर्मी. शेफर्डला दुहेरी केस, त्याला उन्हाळा फार जड जातो. खोलीवर पत्रा असेल तर आत थर्माकोल उघडा लावू नका, तो चावून खाईल, दोन पत्र्यांमध्ये घाला किंवा सरळ वर पाचट टाकून त्यावर शेडनेट ताणा. पत्र्याला वरून पांढरा रंग. जाळीच्या आवारातली निदान निम्मी जागा भर दुपारी सावलीत असली पायजे, म्हणून पश्चिमेची बाजू बघून झाकून घ्या. झोपायला जमिनीपासून ६ इंच उंच फळ्यांचं पाट, म्हाताऱ्या कुत्रीला पावसाळ्यात ओल लागणार नाही.

आणि साप. घोणस आणि मण्यार उंदरांच्या मागं येतात, चाळ आणि गोठा शेजारी आहे म्हणजे उंदीर आलेच. खालच्या २ फुटांना विटांचं जोतं घ्या, ते जमिनीत पण फूटभर उतरवा म्हणजे शेफर्ड उकरून बाहेर पडणार नाही, आणि पाणी जायच्या भोकाला बारीक जाळी. खाणं रात्री आत ठेवू नका.

एवढं बांधलं तरी दोन वेळा फिरवणं चुकत नाही हां. तरुण शेफर्ड दिवसभर आत ठेवला की गोल गोल फिरायला लागतो आणि मग ते सुटत नाही.

मळेकरी_ओतूर
सगळ्यांचे मनापासून आभार, आज घरात वाचून दाखवलं. १६ बाय ८ चंच करतो, एका टोकाला विटांची खोली, वर जाळी ८ गेज. अजून एक विचारायचंय, गोठ्याची बाजू घराच्या दारापासून ६०-७० फूट लांब पडते आणि मध्ये ऊस जवळ येतो. चालेल का घराला लागूनच घेऊ? वास येईल म्हणून आई नको म्हणतेय.

वेल्डिंगवाला_आळेफाटा
घराला लागून घ्या. कोब्याला उतार असला आणि रोज पाणी मारलं तर वास राहत नाही, आईंना सांगा. खोलीची एक भिंत घराची घ्या, तेवढीच वीट वाचेल. आणि आवाराला दोन दारं करा, मध्ये माणूस उभा राहील एवढी ४ बाय ४ ची जागा, बाहेरचं लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. शेफर्ड पायातून निसटून उसात पळाला तर सगळं बांधकाम फुकट. कडी साधी टॉवर बोल्टची नको, कोयंडा आणि त्यात हूक.

गोदाकाठ_निफाड
मी पण घराला लागूनच म्हणेन, कारण संध्याकाळी आत घालायला आणि पहाटे सोडायला तुम्हालाच जायचंय. दिवेलागणीच्या आत घाला, पुरतं उजाडल्यावर सोडा. रात्री भुंकायला लागली तर लगेच दार उघडून धावू नका, आधी खिडकीतून बॅटरी मारून बघा, बिबट्या तिथंच घुटमळत असेल तर वन खात्याचा १९२६ नंबर आहे त्यावर सांगा. घराच्या बाजूचा ऊस पुढच्या लागणीला २५-३० फूट मागं घ्या, जमत असेल तर तिथं घास नाहीतर भाजीपाला करा, दबा धरायला आडोसा राहत नाही.