चर्चा: दुसरीतल्या मुलांनी फळ्यावरचं चित्र उतरवायचं का?

रेघोट्या:
मुलगी दुसरीत आहे. परवा वहीत दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी आणि नारळाचं झाड. राहतो आम्ही सोलापुरात! खिडकीतून तिला दिसतो तो कडुलिंब आणि सायकलचं दुकान. विचारलं तर म्हणे, बाईंनी फळ्यावर काढलं, आम्ही उतरवलं. सूर्याला तिने चष्मा घातला होता, तो खोडायला लावला आणि मग ‘छान’ असा शेरा मिळाला.

घरी तीच पोरगी बस काढते तेव्हा पत्र्याच्या आरपार सगळे प्रवासी दिसतात, आजीच्या पोटातला चहासुद्धा दिसतो. साधारण सात ते नऊ या वयात मुलं अशीच काढतात, हे कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्डने १९४७ सालीच लिहून ठेवलंय. माझं म्हणणं एवढंच, की पाचवीपर्यंत उतरवून काढणं बंद, शेरेही बंद. कागद-रंग द्यावेत आणि बाईंनी बाजूला व्हावं.

ड्रॉइंगमास्तर:
ताई, मी एटीडी (कलाशिक्षकाची पदविका) केलंय, वीसेक वर्षं हायस्कुलात चित्रकला शिकवतोय. तुमच्या ‘बाजूला व्हावं’ची फळं माझ्या वर्गात येतात. दहा-अकरा वर्षांच्या पोराला आपलं चित्र खऱ्यासारखं दिसावं असं वाटायला लागतं. हाताला वळण नसेल तर ते जमत नाही, आणि ‘सर, मला चित्र येत नाही’ म्हणून ते कायमचं वही मिटतं. पाढे आपण मुलांवर सोडतो का? पेला काढताना त्याचं तोंड लंबगोल दिसतं, पण बूड सपाट रेघेत काढलं की पेला पडल्यासारखा वाटतो. हे कुणीतरी दाखवावंच लागतं. बाकी शिक्षक बाजूला होणं म्हणाल तर ते झालेलंच आहे. चित्रकलेचा तास गणिताला जातो.

सातवीची आई:
सरांशी सहमत. इंटरमिजिएटच्या सरकारी चित्रकला परीक्षेत ए श्रेणी आली तर दहावीला ७ गुण वाढीव मिळतात, बी ला ५, सी ला ३. पाया लवकर पक्का झालेला बरा.

रेघोट्या:
सात वर्षांच्या मुलीने सूर्याचा चष्मा दहावीच्या ७ गुणांसाठी खोडायचा?

मुठाकाठचा:
आमच्या वेळी नदी निळीच काढायची असा दंडक होता. माझा मुलगा काळी काढतो. निरीक्षण पक्कं आहे.

दोन शिक्षकी:
पालघरकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत आहे. पहिली ते तिसरी एकटा सांभाळतो, म्हणून खरं सांगतो. फळ्यावर चित्र काढून दिलं की दुसरी गप्प बसते आणि मला पहिलीला अक्षरं गिरवून घेता येतात. त्यात कलाविचार वगैरे काही नाही. चित्रकलेला वेगळा माणूस का नाही, असं कुणी विचारण्याआधीच सांगतो. शिक्षण हक्क कायद्यात कलेचा अंशकालीन निदेशक सहावी ते आठवीसाठी आहे, तोही पट शंभराच्या वर असेल तर. खालच्या वर्गांना कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण या तिन्हींत मीच.

आता नकलेबद्दल. आमच्याकडच्या वारली पोरी आईच्या शेजारी बसून भिंतीवर काढायला शिकतात. दोन त्रिकोण टोकाला टोक लावले की माणूस. आईचा तसाच लेकीचा. ही नक्कलच ना? वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी हेच त्रिकोण कागदावर नेले, २०११ साली पद्मश्री मिळाली. उतरवल्याने कल्पना मरते हे मला तरी पटत नाही.

रेघोट्या:
गुरुजी, हे मला सुचलं नव्हतं. पण त्या त्रिकोणांतून एक पोरगी तारपा नाच काढते, दुसरी भातलावणी. म्हणजे अक्षरं आईची, वाक्य तिचं. डोंगर-सूर्याचं पुढे काय होतं? पुढच्या वर्षी परत डोंगर-सूर्य.

टाचणखुणा:
मी डिझायनर आहे, मुंबईत. मला दोन्ही बाजू अर्ध्याच वाटतात. सगळे ‘चित्र’च धरून बसलेत. रेघोट्याताई, सोलापुरात आहात तर वर्गात एक चादर पसरा. नक्षी कुठे संपून परत सुरू होते, ते मुलांना बोटाने शोधू द्या. मग बटाटा कापून ठसा करायचा आणि आपली नक्षी छापायची. ठसा उलटा उमटतो, दोन ठशांमधे फट राहते, रांग तिरकी जाते. मग पट्टी लागते, मोजावं लागतं. त्यात शिस्त आपोआप आली आणि फळ्यावरून काहीही उतरवलं नाही.

ड्रॉइंगमास्तर:
यालाच आम्ही संकल्पचित्र म्हणतो, इंटरमिजिएटच्या आधीच्या एलिमेंटरी परीक्षेला असतं. नवीन काही नाही. आणि चाळीस मुलं, चाळीस बटाटे, सुरी कोणाच्या हातात?

टाचणखुणा:
सुरी बाईंच्या हातात. बटाटे वीसच, अर्धा अर्धा. भेंडी तर आडवी कापली की आयतं फूल.

दोन शिक्षकी:
भेंडी जमेल, परसबागेत आहे. रेघोट्याताईंचं वाक्यही डोक्यात राहिलंय. उद्या फळ्यावर फक्त त्रिकोणी माणूस काढतो, तो काय करतोय ते पोरांनी ठरवायचं. वर्ग गप्प बसणार नाही, ते वेगळं.

ड्रॉइंगमास्तर:
करून बघा. आठवीत माझ्याकडे पाठवा, मग बोलू.

रेघोट्या:
गुरुजी, घरी भिंतीवर नाही पण पुठ्ठ्यावर करून बघू म्हणते. गेरूवर तांदळाच्या पिठाने काढलं तर वाळल्यावर सगळं पीठ झडलं.

दोन शिक्षकी:
पिठात डिंक घातला नसेल. रात्री पाण्यात भिजत घाला, सकाळी गाळून मिसळा. आणि ब्रश नको, बांबूची काडी टोकाला चावून घ्या.