आधी राजवाडा मोजा, मग बसथांबा काढा. पटतंय का?

रामबागकर (धागा सुरू करणारा)

भाची आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परवा जेवताना ग्रीक-रोमन खांबांचे प्रकार घोकत होती. डोरिक व्यासाच्या आठपट उंच, आयोनिक नऊपट, करिंथियन दहापट. हे विन्योला नावाच्या इटालियनाचं १५६२ सालचं गणित. मी विचारलं, आपल्या इंदूरच्या लालबाग महालात आहेत ते खांब यातले कोणते? गप्प. घरापासून स्कूटीवर दहा मिनिटं आहे लालबाग!

माझं म्हणणं असं. अभिजात वास्तुकलेचा एक पेपर बंद करा आणि त्या जागी पूर्ण सत्र शहराचं काम द्या. आधी दीड महिना नुसतं मोजमाप: कृष्णपुऱ्याच्या छत्र्या (होळकरांच्या समाध्या), राजवाडा, गांधी हॉल. फोटो नाही, टेप आणि पेन्सिल. मग वॉर्डातलं एकच छोटं काम घ्यायचं. पाणपोई, बसथांबा, नाहीतर वाचनालयाची ओसरी. नकाशा गल्लीतल्या लोकांपुढे मांडायचा, शिव्या खायच्या, पुन्हा काढायचा. बोला.

निवृत्त ओव्हरसियर

विरोध. बायपासवरची मॅरेज गार्डनं पाहिली आहेत ना? दारात पीओपीचे करिंथियन खांब, वर सोनेरी रंग, आत डीजे. अर्धवट शिकलेल्या अभिजाततेचं फळ ते. पोरांच्या हाती सार्वजनिक काम दिलंत तर उद्या शौचालयालाही तेच खांब लागतील.

दुसरं, निविदा. सगळ्यात कमी दराच्या ठेकेदाराला काम जातं. तुमच्या भाचीने गोलाईची कडा काढली तर तो ती चौकोनी करणार आणि बिल गोलाईचं लावणार. बत्तीस वर्षं हेच पाहिलंय.

खण मोजणारी

मी शिकवते, म्हणून थोडं लांब लिहिते.

ओव्हरसियर काका, मॅरेज गार्डनवाल्यांनी खांब शिकला नाही, खांबाचा फोटो पाहिला. घोटाळा तिथेच आहे. कंगणी, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरची पट्टी, भिंतीच्या बाहेर का काढतात? पावसाचं पाणी भिंतीवरून ओघळू नये म्हणून. तिच्या पोटात पाणी तुटायला खाच असते. डोरिक खांब मधे किंचित फुगीर का? अगदी सरळ काढला तर डोळ्याला बारीक दिसतो. ही कारणं हाताने मोजल्याशिवाय डोक्यात शिरत नाहीत. पीओपीच्या कंगणीला खाच नसते, म्हणून दुसऱ्याच पावसाळ्यात खाली काळे ओघळ.

पण रामबागकर, तुमच्याशीही भांडण आहे. अभिजात म्हटलं की तुम्ही लगेच लालबागेत का जाता? १८८६ ते १९२१ चाललेलं ते काम, फाटक बकिंगहॅमच्या फाटकाची नक्कल. राजवाडा बघा. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. वजन वर जाताना हलकं होत जातं, हा धडा त्या दर्शनी भिंतीत उभा आहे. १९८४च्या दंगलीत मागची बाजू जळाली तोही धडाच आहे, लाकूड जळतं याचा. आपल्या वाड्यांत खोली खणांनी मोजायची, दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. पाच खणी सोपा (ओसरी) म्हटलं की गवंड्यालाही कळायचं आणि घरधन्यालाही. विन्योलाचा व्यास आणि आपला खण, काम एकच: सगळी इमारत एका मापात बांधून ठेवणं. शिकवायचं तर दोन्ही शेजारी ठेवून.

रामबागकर

मान्य. लालबाग सवयीने आली तोंडात.

निविदेचं म्हणाल तर याच गावात स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिसने काय केलं ते आठवा. त्याचा इंदूरचा अहवाल १९१८चा. त्या काळात प्लेगची दहशत होती. त्याने दिवाळीची मिरवणूक काढली आणि जाहीर केलं की नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही, जी गल्ली सर्वांत स्वच्छ आणि डागडुजी केलेली असेल तिथून जाणार. झाडून सगळे कामाला लागले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस, प्लेगचा भलामोठा उंदीर, आणि सफाई कामगार स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत. नगररचना अख्ख्या गावाला रस्त्यावर शिकवली. कुठली निविदा?

निवृत्त ओव्हरसियर

गेडिसच्या पाठीशी दरबार होता. तुमच्या भाचीच्या पाठीशी कोण, झोन ऑफिसातला बाबू?

तिसरं वर्ष

मी विद्यार्थी. (भाची नाही, घाबरू नका.)

आम्ही हे एकदा करून बसलोय. एका वॉर्डासाठी बाकं आणि सावलीची जागा काढायची होती. चौघांनी तीन आठवडे घालवले, भर एप्रिलमध्ये सावली कुठे पडते ते खडूने आखलं. उद्घाटनाच्या फ्लेक्सवर आमचं ड्रॉइंग छापलं, नावं नाहीत. आणि बसवलं काय, तर तयार मिळणारी स्टीलची बाकं, उन्हात. दुपारी त्यावर कुत्रंही बसत नाही.

तेव्हा ‘शहराचं काम द्या’ म्हणताना हे फुकटचं काम आहे का, तेही लिहा.

अरण्यवासी

टोपणनावावरून ओळखलं असेल, अरण्य वसाहतीच्या बाजूचा आहे. खांबांचं इतकं कौतुक चाललंय म्हणून सांगतो. इंदूरमधली सार्वजनिक वास्तुरचनेची सर्वांत मोठी शाळा तिथे आहे. वास्तुकार बाळकृष्ण दोशींनी नमुन्याची ८० घरं बांधून दाखवली आणि बाकीच्यांना जोतं, नळ, शौचालय देऊन सांगितलं, पुढचं तुम्ही वाढवा. १९९५मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला. एकही करिंथियन खांब नाही. पोरांना तिथे न्या, कुणी जिना कुठे काढला ते मोजू द्या. राजेरजवाड्यांची घरं मोजून लोकांची घरं कशी येणार?

खण मोजणारी

पण अरण्यात ओटा आहे, बाहेरून जिना आहे, अरुंद गल्लीची सावली आहे. हे आकाशातून पडलं नाही, जुन्या गल्ल्या बघूनच आलं. तुम्ही माझीच बाजू मांडताय.

अरण्यवासी

अर्धी. तुम्ही राजवाड्यापासून सुरू करता, मी गल्लीपासून. कुठून सुरू केलं यावर पोर कुणासाठी काढायला शिकतं ते ठरतं.

निवृत्त ओव्हरसियर

ही गोष्ट मात्र लाख बोललात.

आणि एक. मोजमापावर माझा आक्षेप नाही, पण कागदावर थांबू नका. चुना मळायला लावा. चुन्यात गूळ, मेथी, उडीद, बेलफळाचा गर घालतात हे सगळे सांगतात, पण हाताला चटका बसेपर्यंत कुणी मळत नाही. गांधी हॉलचा नकाशा करणारे चार्ल्स स्टीव्हन्स, बोरीबंदर बांधणाऱ्या फ्रेडरिक स्टीव्हन्सचे चिरंजीव. बापाच्या ऑफिसात आणि साइटवर शिकले असणार, घोकून नाही.

रामबागकर

म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूला आलात की काका.

निवृत्त ओव्हरसियर

अजिबात नाही. सार्वजनिक काम पोरांना द्यायला माझा विरोध कायम आहे. ‘तिसरं वर्ष’ने लिहिलेलं वाचलंत ना? तुमच्या पाणपोईचंही तेच होईल. पहिल्या उन्हाळ्यात हार-तुरे, दुसऱ्या उन्हाळ्यात नळ गायब, तिसऱ्यात शेजारचा दुकानदार आत पोती ठेवतो. रांजण रोज भरणार कोण, हे तुमच्या नकाशात कुठे लिहितात?

तिसरं वर्ष

उजव्या खालच्या कोपऱ्यात, स्केलच्या शेजारी. नावासकट लिहू.

निवृत्त ओव्हरसियर

मग आधी ते नाव आणा. खांब नंतर काढा.