‘सोशल’ कृमी: सामाजिक की आणखी काही?

शब्दखूण: शाळकरी मुलांसाठी जनुकांवरचा मजकूर मराठीत आणते आहे, तिथे अडले. सी. एलेगन्स हा १ मिलिमीटरचा कृमी, उभयलिंगी प्राण्यात चेतापेशी (न्यूरॉन) मोजून ३०२. द बोनो आणि बार्गमन या शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये दाखवलं की एनपीआर-१ या जनुकाच्या प्रथिनात २१५व्या जागी व्हॅलिन हे अमिनो आम्ल असलं तर कृमी एकेकटा चरतो, फेनिलअलॅनिन हे दुसरं अमिनो आम्ल असलं तर घोळक्यात. घोळक्यातल्यांना इंग्रजीत ‘सोशल’ म्हणतात. मी ‘सामाजिक कृमी’ लिहिलं, तर मुलगी म्हणाली, ते समाजकार्य करतात का?

आडवाट: ‘समाजशील’ लिहा. एकट्याने चरणाऱ्याला ‘एकलकोंडा’ आहेच.

मूळधातू: एकलकोंडा नको, त्यात स्वभावाबद्दल तक्रार आहे. ‘एकांडा’ घ्या, एकांडा शिलेदार म्हणतो तसा. आणि समाज म्हणजे सम् + अज्, एकत्र हाकणे. अमरकोश स्पष्ट सांगतो, ‘पशूनां समजोऽन्येषां समाजः’. जनावरांचा तो समज. कृमींना समाज लावणं चूकच.

शब्दखूण: ‘कृमींचा समज’ वाचून मुलांना कृमींना काय वाटतं तेच आठवेल.

मूळधातू: मग शिकवा ना! शब्द वापरलेच नाहीत तर मरतात.

दापोलीकर: समाज असो की समज, दोन्हींत सोबतीची ओढ गृहीत धरलीत. हवेतला २१ टक्के ऑक्सिजन या कृमींना नकोसा होतो, घोळक्यात तो कमी असतो, म्हणून बऱ्याच अंशी ते गोळा होतात. पावसाळ्यात आमच्या पडवीत वाणी, म्हणजे पैसा किडे, एकावर एक चढून बसत. आजी त्याला ‘पुंजका’ म्हणे. ‘पुंजक्याने चरणारे’ लिहा. आणि हेही लिहा की रानातले बहुतेक पुंजक्यातलेच. एकांडेपणाचा तो बदल प्रयोगांत वापरल्या जाणाऱ्या, मूळच्या इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या वाणात, प्रयोगशाळेत पोसताना आला.

शब्दखूण: हे मला माहीत नव्हतं. म्हणजे खरं नाव एकट्यालाच द्यायला हवं.

जुनीवही: चेतापेशी कशाला? आम्ही मज्जापेशी शिकलो.

आडवाट: मज्जा म्हणजे हाडातला मगज. वडिलांची अस्थिमज्जा तपासायची होती, त्यांना वाटलं मेंदूतच काही झालंय. रात्रभर जागे होते. एका शब्दापायी.

जुनीवही: वाईट वाटलं. पण मज्जारज्जू लोकांच्या तोंडी आहे, तो कसा काढाल?

मूळधातू: मेरुरज्जू आहे की. घडवलेले सगळेच शब्द वाईट नसतात. वृक्षिका पाहा, म्हणजे चेतापेशीचे फाटे, इंग्रजीत डेन्ड्राइट; त्याच्या मूळ ग्रीकमध्येही झाडच आहे. वाढत्या चेतापेशीला फांद्या फुटतात तेव्हा दुसरा शब्द सुचतच नाही.

शब्दखूण: मजकूर सोमवारी द्यायचाय. ‘पुंजक्याने चरणारे’ ठेवते. ‘सामाजिक वर्तन’ या मथळ्याचं काय करू?

जुनीवही: मेरू म्हणजे पर्वत ना? पाठीच्या कण्याला तो कुठून चिकटला?