थंडी सरताना कुंडीतली झाडं: आधी छाटणी, कुंडीबदल की खत?

अर्धी_बादली
थंडी ओसरायला लागली की कुंड्यांची सगळी कामं एकदम समोर येतात आणि कशाआधी काय करायचं ते कळत नाही. १२ इंची कुंड्यांत कलमी गुलाब, जास्वंद, मोगरा आणि लिंबू आहे. तीन वर्षं कुंड्या बदललेल्या नाहीत. पाणी घातलं की कडेकडेने सरळ खाली निघून जातं, माती आक्रसून कुंडीपासून सुटली आहे. गुलाबाच्या काड्यांवर डोळे (नव्या फुटीचे कोंब) नुकते लाल दिसायला लागलेत, बाकीची झाडं अजून गप्प आहेत.

१. छाटणी कधी आणि किती करायची? चौघांना एकच नियम चालतो का?
२. कुंडी छाटणीच्या आधी बदलायची की नंतर?
३. आत्ताच खत दिलं तर नवी फूट जोमाने येईल ना?
४. कापलेल्या जागी काही लावायचं का?

काडीमोड
तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं त्यावर अवलंबून आहे. आत्ता खत नको. पहिली पालवी खतावर येतच नाही. मागच्या हंगामात पानांनी केलेली साखर पिष्टमय पदार्थांच्या रूपात मुळांत आणि जाड काड्यांत साठलेली असते, डोळे फुगतात ते ही शिदोरी सोडून. कोवळं पान साधारण निम्मं वाढेपर्यंत झाडाकडून घेतच असतं, त्यानंतर ते कमवायला लागतं. त्यातून माती थंड असताना मुळं सुस्त असतात. दिलेलं खत एक तर वाहून जातं, नाहीतर क्षार होऊन मुळांपाशी बसतं.

आता छाटणी. तारीख पाहू नका, डोळा पाहा. जपानमधल्या क्योटोतल्या चेरीच्या फुलोऱ्याच्या नोंदी इ.स. ८१२ पासूनच्या मिळतात. तिथला ऐन बहर १४०९ मध्ये २७ मार्चला होता आणि २०२१ मध्ये २६ मार्चला, मधल्या कित्येक वर्षी मात्र तो एप्रिलच्या मध्यावर आला. एकाच गावात इतका फरक पडत असेल तर कॅलेंडरवर विसंबून सिकेटर (छाटणीची कात्री) हातात घेण्यात अर्थ नाही.

गुलाब: डोळे लाल होऊन फुगलेत पण उघडले नाहीत, हीच वेळ. आधी वाळलेल्या, रोगट आणि एकमेकींवर घासणाऱ्या काड्या बुडातून काढा. मग पेन्सिलपेक्षा बारीक असलेल्या काढा. हा नियम मोठ्या फुलांच्या हायब्रिड टी जातींसाठी, झुपक्याने फुलणाऱ्या जातींत थोडी बारीक काडी ठेवली तरी चालते. उरलेल्यांतल्या ३ ते ५ दणकट काड्या वर्तुळात पसरतील अशा ठेवायच्या आणि उंची एक तृतीयांश ते निम्म्याने उतरवायची. काप बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या ५-६ मिलिमीटर वर, डोळ्याच्या विरुद्ध बाजूला किंचित उतरता. फार वर कापलंत तर वरचा तुकडा वाळतो आणि ती वाळ खाली उतरते, फार जवळ कापलंत तर डोळाच जातो. कापल्यावर काडीचा गाभा पाहा. पांढरा किंवा फिकट हिरवट असेल तर थांबा. तपकिरी दिसला तर पांढरा लागेपर्यंत एकेक डोळा खाली या. छाटणीला आलेली बरीचशी शेंडेमर इथेच संपते.

एक अपवाद. हिवाळा सौम्य असलेल्या प्रदेशात गुलाबाची मुख्य छाटणी पाऊस सरल्यावर होते. ती झालेली असेल तर आत्ता फक्त वाळकं आणि सुकलेली फुलं काढा, पुन्हा निम्मं कापू नका.

कलमाच्या गाठीखालून येणारे फुटवे खुंटाचे, म्हणजे ज्या झाडाच्या मुळावर कलम बांधलंय त्याचे असतात. सात पानांवरून ते ओळखण्याची पद्धत बेभरवशाची आहे, माती उकरून फुटवा गाठीच्या वर निघतो की खाली ते पाहा. ते कापू नका, खाली ओढून मुळापासून तोडा. कापलं की बुडाशी राहिलेल्या डोळ्यांतून दुप्पट येतात.

जास्वंद आणि मोगरा दोन्ही नव्या फुटीवर फुलतात, म्हणून छाटणी मानवते. जास्वंदीचा साधारण एक तृतीयांश, मोगऱ्याचा एक तृतीयांश ते निम्मा भाग काढा. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की खालचे दोन-तीन डोळे एकदम सुटतात, म्हणजे जितके काप तितकी फुटीची ठिकाणं. जास्वंदीची फुलं मात्र दीड-दोन महिने लांबतील.

लिंबाला हात लावू नका. त्याचा बहर याच पालवीबरोबर येतो, शेंडे छाटले की फळंही गेली. वाळकं आणि खुंटाची फूट तेवढी काढा. अझेलिया, मोठ्या पानांचा हायड्रेंजिया यांचंही तसंच, त्यांच्या कळ्या मागच्या वर्षीच्या काडीत आधीच तयार असतात, फुलं संपल्यावर छाटा.

सिकेटरची धार रोगट काडीनंतर ७० टक्के अल्कोहोलने पुसा. गुलाबाची जुनी डागाळलेली पानं झाडावरून आणि मातीवरून वेचून टाका. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीचे बीजाणू त्यांवरच मुक्काम करून असतात.

मातीमोल
कुंडीबदलाबद्दल. पाणी कडेने निसटतंय याचे दोन अर्थ होऊ शकतात: मुळांचा गोळा घट्ट झालाय, किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पूर्ण सुकून पाणी नाकारतंय. आदल्या दिवशी कुंडी तासभर पाण्याच्या टबात बुडवून ठेवा, दोन्हींत गोळा आतपर्यंत भिजतो आणि दुसऱ्या दिवशी गोळा न फुटता बाहेर येतो.

बाहेर काढल्यावर मुळं वाचा. पांढरी-पिवळसर आणि ताठ म्हणजे निरोगी. तपकिरी, बोटाने दाबल्यावर साल निसटणारी आणि कुबट वासाची म्हणजे कुजलेली, ती सगळी काढायची. कुंडीच्या भिंतीला धरून गोल फिरलेली मुळं तशीच नव्या मातीत ठेवली तर ती गोलच फिरत राहतात. बाजूंनी २-३ सेंटिमीटरचा थर आणि तळाचा साधारण चौथा भाग धारदार सुरीने कापा, तीन-चार ठिकाणी उभे चीर द्या. हे गुलाब, जास्वंद आणि मोगऱ्याला चालतं. लिंबाचा गोळा मात्र बहर येत असताना कापू नका. फक्त वरची ४-५ सेंटिमीटर माती खरवडून नवी भरा, बाकी काम फळं बसल्यावर. कोणाकडे बोगनवेल असेल तर तिची मुळं ठिसूळ असतात, गोळा अख्खाच हलवा.

नवी कुंडी फक्त २ इंचांनी मोठी. १२ मधून एकदम २० इंचीत लावणं ही नेहमीची चूक. जिथे मूळ पोचलेलं नाही तिथली माती आठवडाभर ओली राहते आणि मूळ पोचायच्या आत कूज पोचते. जागा नसेल तर मुळं छाटून त्याच कुंडीत लावा.

मिश्रण: २ भाग कोकोपीट, १ भाग पूर्ण कुजलेलं गांडूळखत किंवा शेणखत, १ भाग परलाइट किंवा जाड वाळू. वारा फार असेल तर कोकोपीटचा निम्मा भाग चाळलेल्या मातीने बदला, वजन येतं. ६५० ग्रॅमची कोकोपीटची वीट फुगून ८-९ लिटर होते. ती दोन-तीन पाण्यांनी धुऊन पिळून घ्या, क्षार असतात. १२ इंची कुंडीत आकारानुसार १४-१५ लिटर मिश्रण बसतं, १४ इंचीला २० लिटरच्या पुढे धरा. वरून ३ सेंटिमीटर काठ रिकामा ठेवा. खोड आधी जेवढं मातीत होतं तेवढंच आत.

तळाला खडे घालू नका. पाण्याचा निचरा त्याने सुधारत नाही, बिघडतो. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड थरात सहजी उतरत नाही, माती पूर्ण भिजेपर्यंत ते सीमेवर लटकून राहतं. म्हणजे चिखलाचा थर खड्यांच्या उंचीएवढा वर, मुळांजवळ सरकतो. खात्री करायची असेल तर स्पंज भिजवून आडवा धरा, ठिबकणं थांबलं की उभा करा. आणखी पाणी गळेल. उथळ कुंडीपेक्षा खोल कुंडी चांगली निथळते ती याच कारणाने. भोकावर जाळीचा एक तुकडा पुरे.

लावल्यावर खालून वाहेपर्यंत पाणी, मग ७-१० दिवस थेट उन्हाबाहेर, आणि पुढचं पाणी बोट ४-५ सेंटिमीटर आत घालून कोरडं लागल्यावरच. पानं नसलेलं झाड पाणी फार कमी ओढतं. नवीन लावलंय म्हणून रोज पाणी, यात जितकी झाडं जातात तितकी थंडीने जात नसतील.

क्रमाबद्दल: गुलाब झोपेतच असल्याने छाटणी आणि कुंडीबदल एकाच दिवशी चालतो. पानं असलेल्या जास्वंद-मोगऱ्याची कुंडी आधी बदला, छाटणी दोन-तीन आठवड्यांनी. शेंड्यांतून खाली उतरणारं ऑक्सिनच नवी मुळं फोडायला मदत करतं. एकाच दिवशी वरून निम्मं आणि खालून चौथाई कापलंत तर झाडाने शिदोरी कुठे खर्चावी?

काडीमोड
@मातीमोल, निरोगी झाडावर दोन्ही एकत्र केलं तरी निभतं, पण अशक्त झाडासाठी तुमचा क्रम बरोबर. खड्यांबद्दल शंभर टक्के सहमत.

चौथा प्रश्न राहिला. बोर्डो पेस्ट (१ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी) ही फळबागेतल्या मोठ्या कापांसाठी ठीक. बोटाएवढ्या काडीला काही लावायची गरज नाही. झाड जखम भरत नाही, ती आतून भिंती घालून बंद करतं. अमेरिकी वृक्षशास्त्रज्ञ अॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून हेच दाखवलं, आणि लेप लावल्याने कूज थांबत नाही हेही. गुलाबाच्या जाड काडीत गाभा पोखरणाऱ्या किड्याचा त्रास असेल तरच टोकाला फेव्हिकॉलचा थेंब.

पानोपानी
पुढच्या महिन्याचं कोणी लिहिलं नाही, आणि खरी घबराट तेव्हाच उडते.

नवी पानं लाल, तांबूस किंवा जांभळट आली तर ती कमतरता नाही. अँथोसायनिन हे रंगद्रव्य आहे, हरितद्रव्य भरेपर्यंत असतं, दोन-तीन आठवड्यांत पान हिरवं होतं. जुनी खालची पानं पिवळी होऊन गळाली तर तेही बहुधा ठीकच. त्यांतलं नत्र वरच्या पालवीकडे गेलेलं असतं.

नवं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह मिळत नाहीये. पण लगेच औषध नको. थंड, चिंब मातीत मुळं लोह घेऊ शकत नाहीत, माती तापली की पुढची पानं आपोआप हिरवी येतात. तरी पिवळीच आली तर मातीचा सामू (पीएच) तपासा. साडेसातच्या वर असेल तर ईडीडीएचए स्वरूपातलं लोह घ्या. ईडीटीए स्वरूपातलं अशा मातीत टिकत नाही, पैसे वाया.

खत फूट ५-७ सेंटिमीटर झाल्यावर. १२ इंची कुंडीला दोन मुठी गांडूळखत आणि एक मूठ निंबोळी पेंड, वरच्या ३ सेंटिमीटर मातीत खुरप्याने मिसळून. ज्यांची कुंडी बदललीय त्यांना गांडूळखत आधीच मिळालंय, तिथे महिनाभर काही नको. विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) खत वापरायचं तर लिटरला १ ग्रॅम, पंधरा दिवसांनी, ओल्या मातीतच. नत्राचा हात सैल सुटला की पालवी लांबसडक आणि रसाळ येते, आणि मग मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे.

माव्याची मादी नराशिवाय थेट जिवंत पिल्लं घालते आणि उबदार हवेत ती आठ-दहा दिवसांत स्वतः पिल्लं घालायला लागतात. म्हणून दर दोन दिवसांनी कोवळे शेंडे उलटून पाहा. मुंग्या वर चढताना दिसल्या तर खालच्या पानांवर चिकट चकाकी शोधा. सुरुवातीला पाण्याचा जोरदार फवारा पुरतो, पडलेला मावा बहुतेक परत चढत नाही. नाही भागलं तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल, आधी १-२ मिली द्रव साबणात घोटून, संध्याकाळी, पानांच्या खालून. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस वाट पाहा. काळ्या-नारिंगी, मगरीच्या आकाराच्या छोट्या अळ्या दिसल्या तर फवारणी थांबवा. ती ढालकिड्यांची पिल्लं, मावाच खातात.

दिवसा ऊब आणि रात्री गारवा असला की गुलाबावर भुरी (पांढरी, भुकटीसारखी बुरशी) येते. तिला पान ओलं असावं लागत नाही, फक्त हवेत दमटपणा पुरतो. पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक २ ग्रॅम प्रति लिटर. पण तापमान ३२ अंशांच्या वर असताना किंवा तेल मारून दोन आठवडे झाले नसताना गंधक मारलंत तर पालवी जळते.

अर्धी_बादली
सगळ्यांचे आभार, क्रम आता स्पष्ट झाला. एकच अडचण: आज नीट पाहिलं तर मोगरा गप्प नाहीये, आतल्या बाजूला ४ सेंटिमीटरची फूट निघालेली आहे. आता कुंडी बदलायची की उशीर झाला? आणि परत कडक थंडी पडली तर?

मातीमोल
उशीर झालेला नाही, फक्त हात हलका ठेवा. मुळं छाटू नका, बाहेरची वेटोळी बोटांनी सैल करून अख्खा गोळा १४ इंचीत उतरवा आणि आठवडाभर सावलीत ठेवा. फूट कोमेजली तर पाणी वाढवू नका, आधी बोटाने ओल तपासा. ओल असूनही मान टाकली असेल तर आणखी चार दिवस सावली.

काडीमोड
छाटणी आत्ता टाळा. ती फूट चार-पाच पानांची झाली की शेंडा नखाने खुडा, तीच छाटणी. कळी दिसली तर खुडू नका. थंडी परतण्याचा अंदाज असेल तर रात्री सुती कापड काठ्यांवर टाका, पानांना चिकटू देऊ नका, सकाळी काढून घ्या. तरीही शेंडे काळे पडले तर लगेच कापायला जाऊ नका. मुख्य डोळ्याशेजारी राखीव डोळे असतात, ते कुठवर जिवंत आहेत हे दोन आठवड्यांनी कळतं, तेव्हा तिथपर्यंत कापा.