क्लिनिकमधलं बीपी की चोवीस तासांचं? गोळी कोणत्या आकड्यावर सुरू करावी?

शांत_नाडी
क्लिनिकमध्ये १५०/९५ आलं, महिन्याने पुन्हा तेवढंच आलं, की गोळी सुरू. हे थांबायला हवं. बीपी १८०/१२० च्या पुढे असेल किंवा किडनी, डोळे, हृदयावर परिणाम दिसत असेल तर गोष्ट वेगळी. बाकीच्यांना आधी चोवीस तासांचं मशीन (दंडाला बांधून ठेवलेलं, दिवसरात्र ठरावीक वेळाने आपोआप बीपी मोजणारं) लावा. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या 'नाइस' संस्थेची २०११ पासून हीच शिफारस आहे. डॉक्टरांसमोर चढणारं आणि एरवी नॉर्मल असणारं बीपी त्यात लगेच कळतं. उलट प्रकार जास्त घातक: तपासताना १२८/८०, कामाच्या धबडग्यात १४५/९२. हा छुपा रक्तदाब क्लिनिकमध्ये सापडणारच नाही.

आणि दोन्हींच्या मर्यादा वेगळ्या आहेत. क्लिनिकला १४०/९०, तर चोवीस तासांच्या सरासरीला १३०/८०. दिवसा १३५/८५, झोपेत १२०/७०. चोवीस तासांच्या रिपोर्टवर १३६ बघून "१४० च्या आत आहे" म्हणून सोडून देणं साफ चूक.

सरळ_रेघ
दोष क्लिनिकचा नाही, घाईचा आहे. पेशंट खुर्चीत टेकतो न टेकतो तोच पट्टा बांधला जातो, वर प्रश्न चालूच. नुसत्या बोलण्याने वरचा आकडा सहज १० ने चढतो. लघवी तुंबलेली, पायावर पाय, बाहीवरूनच पट्टा. हात हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंमी खाली असला की ७-८ मिमी फुकट वाढले. सगळ्यात महागात पडते ती जाड दंडाला छोटा पट्टा लावण्याची चूक. आतल्या फुग्याची लांबी दंडाच्या घेराच्या ८०% तरी हवी, नाहीतर बीपी जास्तच दिसणार.

पाच मिनिटं गप्प बसवा, पाठ टेकलेली, हात टेबलावर. मिनिटामिनिटाच्या अंतराने तीनदा मोजा, पहिलं सोडा, उरलेल्या दोनांची सरासरी घ्या. फरकाचा बराच भाग इथेच जातो. शिवाय औषधांचा फायदा दाखवणाऱ्या बहुतेक मोठ्या चाचण्या क्लिनिकच्याच आकड्यांवर उभ्या आहेत, २०१५ ची 'स्प्रिंट' ही अमेरिकेतली चाचणीसुद्धा.

शांत_नाडी
स्प्रिंटमध्ये आधी पाच मिनिटं विश्रांती आणि मग यंत्राने आपोआप तीन रीडिंग, अशी मोजणी होती. तिथलं वरचा आकडा १२० च्या खाली आणण्याचं लक्ष्य ओपीडीतल्या घाईच्या आकड्याला लावलं, तर औषध जास्त होऊन म्हातारा माणूस उठताना चक्कर येऊन पडेल.

आणि तुमच्या पद्धतीने मोजलं तरी रात्र कशी दिसणार? झोपेत बीपी १० ते २०% उतरायला हवं. किडनीचा आजार, मधुमेह, स्लीप ॲप्निया (झोपेत घोरताना मधूनमधून श्वास थांबणं) असेल तर ते बरेचदा उतरत नाही, कधी चढतंही. २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या स्पेनमधल्या सुमारे ५९ हजार पेशंटच्या विश्लेषणात मृत्यूच्या धोक्याशी सगळ्यात घट्ट नातं रात्रीच्या आकड्याचं निघालं.

दंडपट्टा
एवढ्या पेशंटच्या आकड्यांतून निघालेला निष्कर्ष वेगळा आणि एका माणसाची एक रात्र वेगळी. पट्टा फुगला की झोप चाळवते. त्याच माणसाला पुन्हा मशीन लावलं तर 'रात्री उतरत नाही' हा शेरा बदलूही शकतो. झोपेची वेळ सॉफ्टवेअरमध्ये ठरावीक ठेवली तर रात्रपाळीवाल्याचा रिपोर्ट पार उलटा येतो. डायरीतली खरी वेळ भरा. सरासरी वाचण्याआधी रीडिंग मोजा: ७०% तरी यशस्वी हवीत, दिवसाची किमान २० आणि झोपेतली ७. पट्टा फुगताना हात हलला की रीडिंग वाया जातं, हे मशीन बांधतानाच सांगायचं. एट्रियल फिब्रिलेशन या हृदयाची लय बिघडण्याच्या आजारात ठोके अनियमित, त्यामुळे यंत्राचा हिशोबच डळमळतो.

सरळ_रेघ
म्हणूनच सरसकट सगळ्यांना मशीन नको. सात दिवस घरी मोजा: सकाळी गोळीआधी दोनदा, रात्री दोनदा, पहिला दिवस वगळून सरासरी. मर्यादा १३५/८५. त्याच्या आसपास घुटमळणाऱ्यांनाच मशीन लावा.

शांत_नाडी
घरच्या मोजणीला माझी हरकत नाही, पण यंत्र मेमरीवालं हवं. वहीत लिहायला सांगितलं की लोक चढे आकडे गाळतात. किडनी, मधुमेह आणि घोरणाऱ्या पेशंटच्या बाबतीत मात्र मी मागे हटणार नाही. त्यांचं घरचं बीपी १२५ आलं तरी एक रात्र मोजायलाच हवी.