१९९१ मध्ये खरंच व्हीआर गेम होते का?

लातूरचा_पोरगा:
राम राम मंडळी. यंदा सिद्धेश्वरच्या यात्रेत व्हीआरच्या, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटीच्या (आभासी जगाच्या) खुर्चीत बसलो. डोळ्यांवर मोबाइलचा डबा, खाली खुर्ची हलते आणि समोर रोलर कोस्टर. आमचे सर म्हणतात, असले गेम १९९१ मध्येच आर्केडमध्ये, म्हणजे पैसे देऊन खेळायच्या गेमच्या दुकानांत होते. तेव्हाच्या कॉम्प्युटरवर ते चालायचं कसं?

जालनेकर_काका:
होते रे बाळा. नव्वदच्या दशकात नोकरीमुळे इंग्लंडमध्ये होतो, तेव्हा मी स्वतः खेळलोय. मशीन व्हर्च्युॲलिटी नावाच्या कंपनीचं. जोनाथन वॉल्डर्न आणि त्यांच्या साथीदारांनी लेस्टर शहरात बनवलेलं. गेम होता डॅक्टिल नाइटमेअर.

गोल ओट्यावर उभं राहायचं, कमरेभोवती कडं, डोक्यावर जड हेल्मेट आणि हातात बंदूक म्हणून एक मूठ. आत कॉम्प्युटर अमिगा ३०००. प्रत्येक डोळ्यापुढे २७६ बाय ३७२ ठिपक्यांचा पडदा. लग्नातल्या एलईडी स्क्रीनला नाक लावल्यावर दिसतं तसं दिसायचं. चौकटीचौकटीची फरशी, अधांतरी जिने, आणि वरून एक टेरोडॅक्टिल, म्हणजे डायनासोरच्या काळातला उडणारा सरपटणारा प्राणी. वेळेत गोळी घातली नाही तर तो उचलून वर न्यायचा आणि सोडून द्यायचा. पोटात गोळाच यायचा!

पण तू बसलास त्या खुर्चीपेक्षा ते मशीन एका बाबतीत पुढे होतं, हे मी ठासून सांगतो. मोबाइलच्या डब्याला तुझी मान कुठं वळली एवढंच कळतं. तू वाकलास, पाऊलभर पुढे सरकलास, तर त्याला पत्ता नसतो. व्हर्च्युॲलिटीत चुंबकीय क्षेत्रावरून डोकं आणि हात दोन्हींची जागा मोजली जायची. हात वर केला की गेममधला हात वर. शिवाय चार मशीन जोडून चौघं एकाच जगात खेळायचे. समोरचा बाहुला वाकला म्हणजे शेजारच्या ओट्यावरचा माणूस खरोखर वाकला. ते पाहून मी हरखून गेलो होतो.

गोदाकाठ_नांदेड:
काका, मला दोन मिनिटांत गरगरतं. तेव्हाही असंच व्हायचं का?

जालनेकर_काका:
ताई, तेव्हा जास्तच. सेकंदाला जेमतेम वीसेक चित्रं, त्यामुळे मान वळवली की चित्र मागून यायचं. कान (त्याच्या आत तोल कळणारा भाग असतो) सांगतो वळलो, डोळा म्हणतो अजून नाही. खुर्चीत उलटं होतं, डोळा धावतो आणि कान, खुर्ची थोडी हलली तरी, जवळपास जागेवर. मळमळ दोन्हीकडे.

परभणी_इलेक्ट्रॉनिक्स:
मग बंद का पडलं?

जालनेकर_काका:
मशीन फार महाग, एका वेळी एकच गिऱ्हाईक, आणि हेल्मेट चढवायला-उतरवायला कायम एक माणूस हवा. कंपनी १९९७ मध्ये बुडाली. वाईट वाटलं मला.

लातूरच्या पोरा, तू इंजिनिअरिंगला असशील तर हे करून बघ: मोबाइलमधल्या जायरोस्कोपचे (फोन किती वळला ते मोजणाऱ्या सेन्सरचे) आकडे पडद्यावर चालू ठेवून फोन न फिरवता सरळ पुढे ने. आकडे जवळपास हलत नाहीत. मी काय म्हणतो ते लगेच कळेल. अडलं तर इथंच विचार.