मदत हवी आहे : सायकलच्या सरावात लेक पडली. हाड जुळेल, पण डोक्याच्या माराचं काय करू?

नमस्कार मंडळी. इंदूरहून लिहितेय, रामबागेतून. लेक एकोणीस वर्षांची आहे, चार वर्षांपासून रोड सायकलिंग करते. गेल्या रविवारी पहाटे सुपर कॉरिडॉरवर सहा-सात जण एकामागोमाग सराव करत होते. पुढच्या मुलाने रस्त्यावरची गिट्टी चुकवली, हिचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाला घासलं आणि ही डाव्या खांद्यावर आदळली. कॉलरबोन मोडलंय. टोकं फारशी सरकलेली नाहीत, म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन न करता सहा आठवडे हात झोळीत ठेवायला सांगितलं आहे.

हाडाची मला तेवढी काळजी वाटत नाही. खांद्यावर पडलं की सगळा भार त्या बारीक हाडावर येतो, सायकलवाल्यांचं ते मोडतंच, आणि जुळतंही.

झोप उडाली आहे ती डोक्यामुळे. दवाखान्यात सगळ्यांचं लक्ष खांद्याकडे. सीटी स्कॅन नॉर्मल, उलटी नाही, विषय संपला. पण घरी येताना गाडीत तिने मला तीनदा विचारलं, "आई, माझी बाटली कुणी उचलली का?" बाटली तिच्या मांडीवरच होती. संध्याकाळी मी हेल्मेट उलटं करून पाहिलं. बाहेरून नुसते ओरखडे. आतला पांढरा फोम मात्र डाव्या कानाच्या वर नखाएवढा दबलेला, आणि तिथून केसासारखी चीर मागपर्यंत गेलेली. मी ते हातात धरून बराच वेळ बसले होते.

आज सहावा दिवस. पडदा ओढून बसते, मोबाईल पाच मिनिटं पाहिला की कपाळ दाबते. हे म्हणतात, "स्कॅनमध्ये काही नाही ना, मग झालं." सासूबाई हळद-दूध देताहेत. आणि लेक म्हणते, परवापासून घरातच ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) बसते, आणि झोळी नको, ऑपरेशन करून हाडाला प्लेट टाका, कारण तीन आठवड्यांनी निवड चाचणी आहे.

तिच्या कपाटावर आनेमीक फान फ्लेउटेन या डच सायकलपटूचा फोटो आहे. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियात वोलोंगाँगला ती पडली, कोपराला फ्रॅक्चर, आणि तीनच दिवसांनी तिने जागतिक विजेतेपदाची शर्यत जिंकली. डेन्मार्कच्या विंगेगोचंही उदाहरण देते : एप्रिल २०२४ मध्ये स्पेनच्या बास्क भागातल्या शर्यतीत कॉलरबोन आणि बरगड्या मोडल्या, फुफ्फुसाला इजा झाली, तरी जुलैत टूर द फ्रान्समध्ये दुसरा. "मग मीच का थांबू?"

मी तिला दुसरी नावं सांगितली. लॅटव्हियाचा सायकलपटू टॉम्स स्कुइन्श, २०१७, कॅलिफोर्नियाची शर्यत. उतारावर पडला, उठला, पाय लटपटताहेत, मागून येणाऱ्या सायकली अंगावर येता येता वाचला, तरी पुन्हा सायकलवर बसला. नंतर कळलं : कॉलरबोन मोडलेलं आणि मेंदूला हादरा. अगदी हिच्यासारखं. फ्रान्सचा रोमाँ बार्दे २०२० च्या टूर द फ्रान्समध्ये पडला, उठताना तोल गेला, तरी त्या दिवसाचा टप्पा पूर्ण केला. संध्याकाळच्या तपासणीत डोक्याचा मार निघाला आणि शर्यत सोडावी लागली. मोडलेलं कोपर दुखतं, म्हणून सांभाळलं जातं. मेंदूला मार लागलेला माणूस स्वतःच म्हणतो, मी ठीक आहे. आणि सायकलच्या शर्यतीत खेळ थांबत नाही, घोळका पुढे निघून जातो, दोन मिनिटं बसवून तपासायला कुणाला वेळ नसतो. म्हणून तर आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने डोक्याच्या मारासाठी वेगळी नियमावली केली, आणि त्यात संघाच्या मेकॅनिकनेसुद्धा लक्षणं ओळखायला शिकावं असं आहे. आपल्याकडे सरावाला कोण असतं? बरोबरची मुलंच.

ज्यांना स्वतःला किंवा घरात कुणाला असा मार लागला आहे, त्यांनी कृपया सांगा : डोकेदुखी आणि उजेडाचा त्रास किती दिवस राहिला? अभ्यास, मोबाईल कधी सुरू केला? ट्रेनरवर बसल्यावर डोकं पुन्हा दुखलं तर थांबायचं की हळूहळू वाढवायचं? इंदुरात न्यूरॉलॉजिस्टकडे न्यावं की खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्याकडे? प्लेटबद्दलही लिहा, पण ज्यांनी प्लेट आणि झोळी दोन्ही जवळून पाहिलंय त्यांनीच. घाईने ऑपरेशन करून ती तीन आठवड्यांत चाचणीला उभी राहिली, तर मला त्याचीच जास्त धास्ती आहे.

आणि तिला दटावू नका. इथलं सगळं तीही वाचणार आहे.

भर, रात्री साडेदहा : प्रतिसादांसाठी मनापासून आभार. कुणीतरी लिहिलं होतं, पडण्याआधीचं काय आठवतं ते विचारा. विचारलं. चहाच्या टपरीपर्यंत आठवतं, त्यानंतर थेट दवाखान्यातला पांढरा दिवा. मधला पाऊण तास नाही. इतके दिवस तिने सांगितलं नव्हतं, कारण मग सायकल बंद होईल म्हणून. सांगताना रडली. हेही ऐकत होते, ते काही बोलले नाहीत, उठून ट्रेनरवरची सायकल उतरवून गॅलरीत ठेवून आले.

उद्या सकाळी अकराची न्यूरॉलॉजिस्टची वेळ मिळाली आहे. हेल्मेट बरोबर नेतेय. डॉक्टरांना विचारायचं काही राहू नये, तेवढं आज रात्रीत लिहा, मी जागी आहे.